पालवलं म्हणजे लागलं नव्हे

कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाताना हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा दिसतात. कलमांच्या नर्सऱ्या. त्यातली एक आमच्या तात्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची कलमं बांधण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली आणि उकिडवं बसून बसून दोन्ही गुडघेही गेले.

गेल्या मे महिन्यात मुंबईच्या मुलाने त्यांना शहरातल्या एका ठिकाणी नेलं. तिथे गुडघ्यात 'स्टेम सेल', म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात त्या मूळपेशी, सोडतात. त्यांचं दरपत्रक मी पाहिलंय. गुळगुळीत कागद, वर हसणारे आजी-आजोबा, खाली दर: पाच कोटी पेशींना इतके, दहा कोटींना इतके, जास्त घेतल्या तर स्वस्त. काजूगराचा भाव असाच असतो, किलोला एक आणि डब्याला एक. जायच्या आदल्या दिवशी तात्यांनी मला विचारलं, "तू कॉलेजात ह्याच शिकवलंस मां? मग सांग, ह्यो पेशी आत जावन करतत काय?"

जीवशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने याचं सरळ उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "अजून संशोधन चालू आहे, तात्या." मुलाने पैसे भरून टाकले होते आणि घरात वाईटपणा नको होता, हे त्यामागचं खरं कारण.

जून-जुलै बरा गेला. तात्या काठीशिवाय विहिरीपर्यंत जाऊ लागले. चतुर्थीला मात्र आरतीला उभं राहताना त्यांनी माझा खांदा धरला. तेव्हा ते जे बोलले त्यातच या लेखाचा विषय आहे. "पालवी इली रे, पण कलम लागला नाय."

हे वाक्य नर्सरीत किती खरं आहे ते आधी सांगतो. काजूचं रोप दीड-दोन महिन्यांचं झालं की त्याचा शेंडा छाटतात, खुंटाला उभी खाच देतात आणि चांगल्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्या खाचेत बसवतात. वर प्लास्टिकची पट्टी आवळून गुंडाळतात आणि पेप्सीकोल्याच्या पिशवीसारखी अरुंद टोपी चढवतात. काही आठवड्यांत काडीला तांबूस पानं फुटतात. नवशिका खूश होतो. पण ती पानं काडीने स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर काढलेली असू शकतात. आत जोड जमलेलाच नसेल तर साठा संपल्यावर पानं मान टाकतात. असं मेलेलं एक कलम तात्यांनी चाकूने उभं चिरून मला दाखवलं होतं. वर हिरवं, खाली हिरवं आणि मधोमध केसाएवढी तपकिरी रेघ. काडी चांगली होती, खुंटही चांगला होता, फक्त दोघांची ओळख पटली नव्हती. "सालीक साल लागाक व्हयी," असं ते शिकाऊ मुलांना दिवसातून दहा वेळा सांगतात. सालीखालचा तो ओला, निसरडा थर म्हणजे कँबियम, झाडाच्या मूळपेशींचा थर. दोन्हीकडचे थर एकमेकांना टेकले तर पेशी वाढून फट भरतात, त्या भरावातून नळ्या जुळतात आणि खुंटाचं पाणी काडीला मिळू लागतं. म्हणून दुसरी पालवी आल्याशिवाय तात्या कलम विकत नाहीत.

माणसाच्या मूळपेशींचा जो बाजार आज मांडला गेला आहे तो पहिल्या पालवीवर चालतो, असं माझं म्हणणं आहे. तिथे पेशी नगावर विकतात. औषध मात्र पेशीत कमी आणि पेशींच्या आपसातल्या जुळण्यात जास्त असतं. आपला कायदा, आपला सरकारी पैसा आणि रुग्ण म्हणून आपण विचारतो ते प्रश्न या तिन्हींचं तोंड त्या जुळण्याकडे वळायला हवं.

मूळपेशींचा जो उपचार जगभर रुजला, त्याच्यापासून सुरुवात करू. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. दात्याची मज्जा रुग्णाच्या शिरेत सोडतात, सलाइनसारखी. हाडात टोचत नाहीत. तरीही रक्त तयार करणाऱ्या त्या पेशी अख्खं शरीर फिरून हाडाच्या पोकळीतच मुक्काम करतात, कारण मज्जेतल्या पेशी एक रासायनिक खूण सोडत असतात आणि ती ओळखणारा ग्राहक रेणू येणाऱ्या पेशींच्या अंगावर असतो. शिवाय तिथे पोचल्यावर त्यांना शेजार मिळतो. कधी विभागायचं, कधी झोपून राहायचं हे शेजारच्या पेशी ठरवतात. मूळपेशीचं मूळपेशीपण तिच्या जागेवर अवलंबून असतं ही कल्पना रे स्कोफिल्ड यांनी १९७८ साली मांडली. त्या जागेला इंग्रजीत 'निश' म्हणतात. भिंतीतल्या कोनाड्यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे, म्हणून कोनाडा हा मला चांगला मराठी शब्द वाटतो. दिवा कोनाड्यात ठेवला तर वाऱ्याने विझत नाही.

आता दरपत्रकावरच्या पेशी. त्या बहुतेक चरबीतून किंवा मज्जेतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशी असतात. शिरेतून दिल्या तर त्यांतल्या बऱ्याचशा पहिल्याच फेरीत फुफ्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. सांध्यात टोचल्या तरी तिथे त्यांचा कोनाडा तयार नसतो. मरेपर्यंत त्या काही रेणू सोडतात, त्याने सूज उतरू शकते, दुखणं कमी होऊ शकतं. तात्यांचे जून-जुलै कदाचित असेच आले. किंवा नुसत्या विश्रांतीने आले असतील. 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव १९९१ साली रूढ करणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ साली लिहिलं की हे नाव बदला, या पेशी मूळपेशींसारखं नवं ऊतक बांधत नाहीत, त्या औषधी संदेश सोडतात. ज्याने बारसं केलं त्यानेच नाव मागे घ्यायला सांगितलं. दरपत्रकावर मात्र जुनंच नाव आहे, कारण खपतं ते.

याचा अर्थ या पेशी कुचकामी आहेत असा नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात आणि स्टिरॉइडलाही दाद देत नाहीत, अशा लहान मुलांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मेसेन्कायमल पेशींच्या एका औषधाला मान्यता दिली. तिथे त्या कोणाशी बोलतात हे ठाऊक आहे: उलटलेल्या प्रतिकारपेशींशी. आपल्याकडेही गुडघ्याच्या संधिवातासाठी अशा पेशींच्या एका उत्पादनाला चाचण्यांनंतर २०२२ साली औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. म्हणून गुडघ्यात पेशी म्हटलं की लबाडी, असं मी म्हणणार नाही. तात्यांना टोचलं ते हे उत्पादन नव्हतं. त्यांच्याच पोटाची चरबी काढून तासाभरात गुडघ्यात सोडली होती.

पेशी एकमेकींना ओळखतात हे कळायला शंभरावर वर्षं झाली. १९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी समुद्री स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला, आपण नारळाचा रस गाळतो तसा. खाली पाण्यात सुट्या पेशींचा गाळ पडला. त्या पेशी रांगत एकत्र आल्या, त्यांचे गोळे झाले आणि त्यातून पुन्हा स्पंज उभा राहिला. मालवणच्या खडकांत ओहोटीला असे स्पंज हाताला लागतात. मी मुलांना हा प्रयोग सांगायचो तेव्हा एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, "सर, मग खोबऱ्याचा नारळ का नाय होणा?" वर्ग हसला, पण प्रश्न उत्तम होता. १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातल्या वेगवेगळ्या पेशी सुट्या करून मिसळल्या, तर त्यांनी आपापली जागा शोधली: त्वचेच्या पेशी बाहेर, बाकीच्या आत. पुढे जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी कॅडहेरिन हे चिकटवणारे रेणू शोधले आणि बाहेर कोण, आत कोण याचा बराचसा उलगडा झाला.

नवीन गोष्ट अशी, की ही ओळख आता लिहिता येते. वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली 'सिन-नॉच' नावाचा कृत्रिम ग्राहक रेणू बनवला. त्याचं बाहेरचं टोक आपण ठरवू तो शेजारी ओळखतं. शेजारी भेटला की आतलं टोक तुटून केंद्रकात जातं आणि आपण ठरवू ते जनुक चालू करतं. २०१८ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशींना एवढंच शिकवलं: अमका शेजारी दिसला तर कॅडहेरिन तयार कर. पेशींनी आपले आपण थर रचले, एकात एक, आणि गोळा कापला तर थर पुन्हा जुळवले. नकाशा कोणी काढून दिला नव्हता. दिला होता तो शेजाऱ्याशी कसं वागायचं याचा नियम.

उपचाराच्या दृष्टीने याला इतकं महत्त्व का? हृदयाचं उदाहरण घ्या. मानवी मूळपेशींपासून प्रयोगशाळेत हृदयाच्या स्नायुपेशी बनतात आणि त्या ताटलीत धडधडतातसुद्धा. २०१४ साली सिएटलच्या संशोधकांनी त्या माकडांच्या दुखावलेल्या हृदयात सोडल्या. पेशी जगल्या, रुजल्या. आणि हृदयाचा ठोका बिघडला. नव्या पेशी मालकाच्या तालावर न चालता स्वतःच्या तालावर चालत होत्या. दशावतारात नवा मृदंगी स्वतःचाच ठेका धरून बसला तर राजाचा प्रवेश कसा होईल? इथे आकडा वाढवून काही साधलं नसतं, जास्त पेशी म्हणजे जास्त बेताल. २०२३ साली त्याच गटाने डुकरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पेशींमधली विद्युतप्रवाह चालवणारी तीन जनुकं बंद केली, एकाचं काम वाढवलं. मग त्या पेशी स्वतःहून धडधडायच्या थांबल्या आणि शेजाऱ्याने हाक दिली की साथ देऊ लागल्या. बेतालपणा आटोक्यात आला. माणसापर्यंत हे यायचं आहे, पण दुरुस्ती कुठे केली ते बघा: पेशीच्या शेजारधर्मात.

मधुमेहातही तेच. इन्शुलिन बनवणारी बीटा पेशी सुटी ठेवली तर साखरेला नीट प्रतिसाद देत नाही. स्वादुपिंडात या पेशी बेटांसारख्या पुंजक्यांत राहतात, एकमेकींना सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या, आणि एका तालात इन्शुलिन सोडतात. म्हणूनच मूळपेशींपासून अशी बेटंच तयार करून यकृताच्या शिरेत सोडण्याचा जो प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला त्यात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचं बाहेरचं इन्शुलिन वर्षभरात सुटलं. अर्थात त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, म्हणजे नव्या बेटांची बाकी शरीराशी सोयरीक अजून जमलेली नाही.

हे सगळं श्रीमंतांच्या देशांतलं, आम्हाला काय त्याचं, असं कोकणातला माणूस म्हणेल. गंमत अशी, की जुळवण्याचं सगळ्यात साधं आणि स्वस्त उदाहरण भारतातलंच आहे. पानाचा चुना डोळ्यात उडाला की बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळतात आणि डोळ्यावर पडदा चढतो. खेळता खेळता चुन्याची पुडी फोडणाऱ्या पोरांना हे होतं. पूर्वी चांगल्या डोळ्यातल्या पेशी प्रयोगशाळेत आठवडेच्या आठवडे वाढवून लावायला लागत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान यांच्या गटाने २०१२ साली वेगळा मार्ग दाखवला. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे, दुखऱ्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचं पातळ आवरण अंथरून त्यावर ते पेरायचे. आवरण म्हणजे वाफा. पेशी तिथेच वाढतात. महागडी प्रयोगशाळा लागत नाही, कारण पेशींना लागणारा शेजार डोळाच पुरवतो. पेशी किती हा प्रश्नच इथे कोणी विचारत नाही.

दुसरं उदाहरण मूळपेशींचं नाही, पण आमच्या कोकणपट्टीच्या उत्तर भागातलं आहे. खारघरचं टाटा मेमोरियलचं केंद्र रायगड जिल्ह्यात येतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशींना, रक्ताच्या काही कर्करोगांमधल्या पेशींवरचा सीडी-१९ हा रेणू ओळखायला शिकवायचं. परदेशातल्या तशाच उपचाराच्या साधारण एक दशांश खर्चात. शेतकऱ्याच्या आवाक्यात तरीही नाहीच, पण सरकारी संस्थांनी हात घातला की किंमत कुठे येते हे दिसलं. पेशीला ओळख शिकवण्याचं कसब आपल्या घरात आहे, त्याला मूळपेशींकडे वळवायला पैसा हवा.

आता कायदा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की रक्ताच्या आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर चाचणीतच व्हावा, आणि जाहिरात करू नये. स्वतःच्या बाळासाठी खाजगी पेढीत नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, हेही त्यात आहे. सातव्या महिन्यात घरी फोन करणारे हे सांगत नाहीत. पण तत्त्वं हात जोडतात, हात धरत नाहीत. हात धरायचा तो २०१९ च्या नवीन औषधे व चाचण्या नियमांनी. त्यांत मूळपेशींपासून केलेलं उत्पादन औषध ठरतं ते पेशींवर किमान प्रक्रियेपेक्षा जास्त काही केलं तर. नुसतं वेगळं करणं, धुणं वगैरे किमान प्रक्रियेत मोडतं. चरबी काढली, धुतली, टोचली, की म्हणायला जागा उरते: आम्ही पेशीला हातसुद्धा लावला नाही.

इथे मोजमापच चुकतं. कायदा पेशीचं काय केलंत ते विचारतो, तिला कोणाच्या शेजारी नेऊन बसवलंत ते पुरेसं विचारत नाही. २०१५ साली फ्लोरिडात तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या. तिघींचीही दृष्टी गेली किंवा जवळपास गेली. चरबीची पेशी तीच होती, रुग्णाची स्वतःचीच होती. पण दृष्टिपटलाचा शेजार तिचा नव्हता. 'तुमच्याच पेशी आहेत, अपाय होणारच नाही' हे वाक्य मी तात्यांच्या दरपत्रकावरही वाचलं होतं. घरातलाच मीठ-मसाला आहे म्हणून कोणी डोळ्यात घालतं का?

म्हणून मागणी साधी आहे. पेशी मूळच्या जागेवरून काढून वेगळ्या कामाच्या जागी नेली, तर प्रक्रिया किमान असो वा नसो, तिला औषधाचेच नियम लागू व्हावेत. अमेरिकेच्या नियमांत पेशी मूळचंच काम करणार आहे का, हा प्रश्न आहे. आपल्या नियमांत तो ठळकपणे यावा. पेशींच्या संख्येवर दर लावणं तर सरळ बंद व्हावं.

यावर तात्यांच्या मुलाने मला सुनावलं आहे आणि त्याचं म्हणणं मी टाळणार नाही. "दादा, तुमचे नियम होईपर्यंत बाबांनी उठायचं बसायचं बंद करायचं का?" दुखणाऱ्याला वाट बघ म्हणणं सोपं असतं, विशेषतः ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला. माझे आहेत. पण तात्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना वाट बघायला लावली ती गिऱ्हाइकाच्या बागेसाठी. जूनमध्ये पहिल्या पावसाला टेम्पो घेऊन येणारा माणूस घाईतच असतो, पानं फुटलेली दिसताहेत ना, मग द्या म्हणतो. ते देत नाहीत. आणि पुढच्या वर्षी एखादं मेलं तर बदलून देतात, वहीत नाव-गाव लिहिलेलं असतं.

पेशींच्या उपचारांची अशी वही कुठे आहे? आता रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मुंबई-पुण्याला जाऊन पेशी टोचून घेणारा माणूस तिथली कागदपत्रं पिशवीत घेऊन गावीच परततो. त्याची नोंद या महाविद्यालयांत व्हावी: काय टोचलं, कुठून काढलं, कुठे सोडलं, महिन्याने कसं होतं, वर्षाने कसं. याला सिन-नॉच लागत नाही, एक कारकून आणि एक फोन लागतो.

तात्यांना त्या ठिकाणाहून इंजेक्शननंतर दोन फोन आले. दोन्ही वेळा दुसऱ्या गुडघ्यासाठी सवलत चालू आहे हे सांगायला.